वजनाआधीचे शून्य

प्रमोदराव,

तुमची तेरवी झाल्यावर सीमा चारच दिवस माझ्याकडे राहिली. पाचव्या दिवशी तिने पिशवी भरली. मी म्हणालो, पंधरवडा तरी राहा. ती म्हणाली, "बाबा, सर्व्हर पाहावं लागते. हंगाम सुरू हाय." नवरा गेलेली मुलगी बापाला असे उत्तर देत नाही. पण ते तुमच्या घरातले उत्तर होते. मी तिला बसस्थानकापर्यंत सोडून आलो.

तेरवीला तुमच्याविषयी पुष्कळ लोक बोलले. मलाही बोलायला सांगितले. मी दोन वाक्ये बोललो आणि बसलो. जावयाविषयी सासऱ्याने याहून जास्त काय बोलावे, असे तेव्हा वाटले. आता ते पुरे झाले नाही असे वाटते, म्हणून लिहितो आहे. तुम्ही मला नेहमी सांगत असा, "मामाजी, लिहून द्या." मी कधी दिले नाही.

तुम्ही पुण्याची नोकरी सोडून वर्ध्याला राहायला आलात, त्याला नऊ वर्षे झाली. घराच्या मागच्या खोलीत बसून तुम्ही काय करता, हे मला दोन वर्षे कळले नाही. शेजारी विचारत, "जावई काय करते?" मी सांगे, "संगणकाचं." पुढचा प्रश्न मी येऊ देत नसे. एकदा मीच तुम्हाला विचारले. तुम्ही सांगितले, जिनिंगच्या वजनकाट्यावर कापसाची गाडी चढली की यंत्र एक आकडा पाठवते. तो आकडा वाचायचा, भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा करायची आणि मराठीत पावती छापायची, एवढे काम करणारी प्रणाली तुम्ही लिहीत होतात. तिचे नाव तुम्ही 'उघडा काटा' ठेवले होते. ती कोणीही फुकट वापरावी. तिच्या आत काय लिहिले आहे, ते कोणीही वाचावे, चुकले असेल तर दुरुस्त करावे.

"आणि पैसे कोण देते?" मी विचारले.

"सध्या कोणी नाई," तुम्ही म्हणालात. अगदी सहज म्हणालात. जणू मी पाणी आले का एवढेच विचारले होते.

तुम्ही अधूनमधून इतर कामे घेत होतात, सीमा शिकवण्या घेत होती, घर चालत होते. तरी दर भेटीत मी तोच प्रश्न विचारीत राहिलो. मुलीच्या बापाला तो प्रश्न विचारावा लागतो. तुम्ही कधी रागावला नाहीत. एकदा म्हणालात, "मामाजी, तुम्ही चौतीस वर्सं काटा केला. तुमाले तं कळाले पायजे मी काय करून राह्यलो." मला ते लागले. मी हिंगणघाटच्या एका जिनिंगमध्ये काट्यावर कारकून होतो. माझ्या कामाची तुमच्या कामाशी तुलना करावी, असे तोवर कोणाला सुचले नव्हते. मलाही नाही.

त्या दिवशी मी तुम्हाला पायाची गोष्ट सांगितली. ती मी सीमाच्या आईलाही सांगितली नव्हती.

नोकरीचे पहिले वर्ष होते. कापसाची बैलबंडी काट्यावर उभी होती. मी खिडकीबाहेर येऊन गाडीवानाचे नाव विचारीत होतो. काट्याच्या दांडीकडे पाहताना माझा एक पाय काट्यावर राहिला. मी वजन पुकारले. बंडीवरचा म्हातारा खाली उतरला, माझ्या पायाकडे पाहत म्हणाला, "बाबू, पाय काढा. तुमचं वजन मले नको."

माझ्या पायाने त्याचाच फायदा होणार होता. कापूस त्याचा, वजन वाढत होते ते त्याचे. तरी त्याने पाय काढायला लावला. मी पुन्हा वजन केले. मान वर करून त्याच्याकडे पाहण्याची माझी हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी एक रीत सुरू केली. गाडी चढण्याआधी काटा झाडायचा, शून्यावर आणायचा आणि मोठ्याने पुकारायचे, "शून्य पाहा!" गाडीवानाने पाहून "पाह्यलं!" असे म्हटल्याशिवाय चाक चढू द्यायचे नाही. हंगामात गाड्यांची रांग सडकेपर्यंत जाई. मालक चिडत, गाडीवानही चिडत. कोणी न पाहताच "पाह्यलं" म्हणाला तर मी त्याला परत पाहायला लावी. पाठीमागे लोक मला 'शून्यबाबू' म्हणत, हे मला ठाऊक होते.

ही गोष्ट ऐकून तुम्ही हसला नाहीत. मग म्हणालात, "हे मले लिहून द्या." मी म्हणालो, यात लिहिण्यासारखे काय आहे?

पुढे पोळ्याचा दिवस आला. गेल्या वर्षीचा पोळा. तुम्ही दोघे हिंगणघाटला आला होतात. पानावर पुरणपोळी होती. तुम्ही पहिला घास घेतलात आणि म्हणालात, "मामाजी, आज विचारा."

"काय?"

"तेच. पैसे कोण देते."

मी विचारले नाही. तुम्हीच सांगितले. दक्षिणेत वजनकाट्यांची यंत्रे बनवणारी एक कंपनी होती. तिच्या यंत्रांवर पुष्कळ ठिकाणी तुमची प्रणाली चालत होती. कंपनी तुम्हाला दरमहा मानधन देणार होती. तिचा सेल्वम नावाचा एक अभियंता आठवड्यातले काही दिवस तुमच्याच कामावर बसणार होता. तुम्हाला दुसरी कामे घ्यावी लागणार नव्हती.

"काऊन देऊन राह्यले ते?" मी विचारले.

तुम्ही सीमाकडे पाहून हसलात. "पाह्य. इतके वर्सं 'कोण देते' म्हणत होते. आता देणारा आला, तं 'काऊन देते'."

सीमा वाढता वाढता म्हणाली, "बाबाले सवाल पायजे. उत्तराचं त्याईले काई पडलं नाई."

तुम्ही समजावून सांगितलेत. तुमचे काम बंद पडले तर त्यांची यंत्रे अडतील, म्हणून ते देतात. यात लपवण्यासारखे काही नाही. त्यांच्या पैशाने लिहिलेली ओळसुद्धा सगळ्यांसाठी उघडीच राहील, असे तुम्ही करारात लिहून घेतले होते.

"काटा बनवणारा काटेवाल्याले पगार देईन," मी म्हणालो. "मंग काटा कोणाचा?"

"सगळ्याईचा."

"देणाऱ्याचा पाय काट्यावर येतेच, प्रमोदराव."

तुमचा हात पानावर थांबला. "येऊ द्या नं. दिसला पायजे, इतकंच. सगळं उघडं हाय. तुम्हीच पाहत राहा. शून्य पाहा, मामाजी."

माझे शब्द तुम्ही मला परत दिले होते. मला ते सहन झाले नाही. मी पानावरून उठलो. जावई जेवत असताना सासरा उठला, असे आमच्या घरात कधी झाले नव्हते. सीमाची आई असती तर तिने मला हाताला धरून बसवले असते. तुम्ही मात्र उठला नाहीत. वाढलेले सगळे सावकाश संपवलेत, हात धुतलेत, माझ्या पाया पडलात आणि म्हणालात, "पुरण चांगलं झालं होतं."

त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ आपण तुमच्या कामाविषयी बोललो नाही. तुम्ही येत होतात. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या वर्ध्याहून आणीत होतात, कारण येथल्या दुकानात त्या वेळेवर मिळत नाहीत. आपण उन्हाविषयी बोललो, बसच्या वेळांविषयी बोललो. सीमाने कामाचा विषय काढला की मी वर्तमानपत्र उघडी. वाचून झालेले वर्तमानपत्र मी पुन्हा वाचतो आहे, हे तुम्हाला दिसत असणार.

शेवटचे बोलणे मात्र कामाविषयीच झाले. दसरा होऊन गेला होता. तुम्ही खिशातून एक पावती काढून माझ्यापुढे ठेवलीत. नव्या हंगामाची. गाडीचा क्रमांक, भरले वजन, रिकामे वजन, निव्वळ वजन. अक्षर स्वच्छ होते. मी चष्मा लावून ती दोनदा वाचली आणि कामाविषयी न बोलण्याचा माझा नियम मीच मोडला.

"यात शून्य कुठं हाय?"

"त्याची नोंद संगणकात राहते, मामाजी. गाडी चढायच्या आधी काटा किती दाखवत होता, थे सगळं."

"शेतकरी संगणक घरी नेते का?"

तुम्ही हसलात. "पावती चार बोटं रुंद. एक ओळ वाढली का कागद वाढते. हजार गाड्याईचा कागद."

"वाढू द्या."

"मंग लिहून द्या. तुम्ही सांगितलेलं माह्यापाशी राह्यते. लिहिलेलं सगळ्याईपाशी जाते. दुसरा कोणी म्हणन, बरोबर हाय. तिसरा म्हणन, नाई. असंच होते आमचं."

"तुमाले सांगितलं. पुरे."

"पुरे नाई होत, मामाजी." तुम्ही पावतीची घडी करून खिशात ठेवलीत. बसची वेळ झाली होती. मी खुर्चीवरून उठलो नाही. दाराशी तुमच्या चपलांचा आवाज ऐकला. नेहमीप्रमाणे डावी चप्पल तुम्ही पायानेच सरळ केलीत.

दिवाळीनंतर सीमाचा फोन आला. त्याविषयी मी काही लिहीत नाही.

तेरवीच्या दिवशी एक उंच, सावळा, पन्नाशीचा माणूस पंक्तीत येऊन बसला. हातातली बॅग त्याने मांडीखाली धरली होती. त्याला मराठी येत नव्हते. जेवण झाल्यावर त्याने सीमाला विचारले आणि माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आप मामाजी?" म्हणाला. "ज़ीरो वाले मामाजी?"

तो सेल्वम होता. दीड दिवस गाडीत बसून आला होता. त्याचे हिंदी तुटक होते आणि माझेही फारसे बरे नाही, पण त्याने जे सांगितले ते मला कळले.

यंदाच्या पावसाळ्यात त्याच्या कंपनीने तुमच्याकडे एक मागणी केली होती. काट्यावर चिखल साचतो, शून्य सरकते. यंत्राने ते आपोआप जागेवर आणावे, इथपर्यंत ठीक होते. पण किती सरकले आणि किती वेळा जागेवर आणले, याची नोंद नको, असे कंपनीच्या वरच्या लोकांचे म्हणणे होते. नोंद राहिली की गिऱ्हाईक तक्रार करते. तुम्ही नाही म्हणालात. नोंद राहणार नसेल तर ही ओळ माझ्या कामात येणार नाही, असे सगळ्यांना वाचता येईल तिथे लिहिलेत. कंपनीने मानधन थांबवले. दोन महिने थांबवले. सेल्वम आतून भांडत राहिला. तो म्हणाला, "सर ने एक दिन भी मुझसे ग़ुस्सा नहीं किया. बोले, तुम अपना काम करो, मैं अपना." शेवटी कंपनीने ऐकले. नोंद राहिली. मानधन पुन्हा सुरू झाले.

ते दोन महिने मी मोजून पाहिले. त्या दोन महिन्यांत तुम्ही तीनदा हिंगणघाटला आला होतात. तिन्ही वेळा गोळ्या आणल्यात. एकदा आपण वणा नदीचे पाणी पाहायला पुलापर्यंत गेलो होतो. तुम्ही मला काही सांगितले नाही. सांगितले असते तर मी म्हणालो असतो, "मी म्हटलं नव्हतं?" ते वाक्य माझ्या तोंडात तयार होते. तुम्हाला ते माहीत होते.

तो पाय आला होता, प्रमोदराव. मी म्हणालो होतो तसाच आला. आणि तुम्ही म्हणाला होतात तसा दिसला, आणि तुम्ही तो काढायला लावलात. आपण दोघेही बरोबर होतो. हे आपल्याला एकमेकांसमोर बसून बोलता आले असते.

सगळे गेल्यावर मी सीमाला म्हणालो, ते लिखाण मला दाखव. तिने लॅपटॉप उघडला. तिला एक मिनिटही लागले नाही. सगळे तिथेच होते. तुम्ही आणि त्यांनी एकमेकांना लिहिलेला शब्दन् शब्द, उघडा. ती इंग्रजी वाचून मला मराठीत सांगत गेली. एका जागी थांबली.

"बाबा, इथं त्याईनं विचारलं, एवढ्या नोंदी ठेवून त्या पाहणार कोण?"

"मंग?"

"यायनं एकच ओळ लिहिली. 'माझे सासरे पाहतात.'"

मी चष्मा काढला आणि पुसला.

चौतीस वर्षे मी अनोळखी गाडीवानांना अडवून धरले. शून्य पाहिल्याशिवाय चाक चढू दिले नाही. तुम्ही मला पाहायला सांगितलेत, आणि मी वर्तमानपत्र पाहत बसलो. बंदी नव्हती, कुलूप नव्हते. "सीमा, दाखव," एवढे दोन शब्द हवे होते.

सेल्वम दुसऱ्या दिवशी निघताना एक पत्र देऊन गेला. तुमचे काम सीमाने पुढे सांभाळावे, मानधन तिला तसेच मिळत राहील, अटी त्याच, असे त्यात होते. अनेक वर्षे काटेवाल्यांचे फोन तीच घेते आणि नवी पावती आधी तीच तपासते, हे त्याला ठाऊक होते. मला तेव्हाच कळले. सीमा पत्र घेऊन माझ्यासमोर बसली. "बाबा, घेऊ का?"

तिला माझी परवानगी नको होती. तिने तरी विचारले. पोळ्याच्या दिवशी ती वाढत होती, सगळे ऐकत होती, हे मी विसरलो नाही.

"त्याईचा पाय कुठं हाय, थे रोज पाहशील?"

"पाहीन."

"घे मंग."

तिने पत्राची घडी केली. मग म्हणाली, "यायले किती बरं वाटलं असतं."

ती वर्ध्याला जाण्यापूर्वी मी तिला एक कागद दिला. अर्ध्या पानाचा. 'पावतीवर वजनाच्या आधी काट्याचे शून्य छापावे. पावती शेतकरी घरी नेतो. घरी नेलेली वस्तू तो चार लोकांना दाखवतो. संगणकातली नोंद दाखवता येत नाही.' खाली सही केली. सीमाने ते इंग्रजीत करून जिथे टाकतात तिथे टाकले. माझे नाव घातले. तेलंगणातल्या कोणा काटेवाल्याने लिहिले, कागद वाढेल, आणि शून्य वाचतो कोण? तुम्ही म्हणाला होतात तसेच झाले. मी सीमाला फोनवर सांगितले, त्याला लिही, वाचतो; मी चौतीस वर्षे पाहिले आहे. तिने लिहिले. मग सेल्वमने लिहिले की हे काम मी घेतो. कंपनीच्या वेळेत करतो, कंपनीला विचारले आहे, ते हो म्हणाले.

ज्या कंपनीच्या पायाची मला धास्ती होती, तिच्याच पगारावर माझी ओळ लिहिली गेली. हे तुम्हाला सांगायला हवे होते. तुम्ही हसला असता.

परवा मी जिनिंगमध्ये गेलो. निवृत्त झाल्यावर फारसा जात नाही. काट्यावर आता नवा माणूस आहे. त्याने खुर्ची दिली. कापूस खाली करून आलेली ट्रॉली काट्यावरून उतरून गेली, आणि पावती निघाली. ओळ आली आहे, प्रमोदराव. 'शून्य : ०'. पण सगळ्यांत खाली, निव्वळ वजनाच्याही खाली. मी काटेवाल्याला म्हणालो, "हे वर पायजे. वजनाच्या आधी."

तो म्हणाला, "काका, मले सांगून काय फायदा? सीमाताईचा नियम हाय. लिहून द्या."

तिथेच त्याच्याकडून कागद मागून मी लिहिले.

बाहेर पुढची ट्रॉली आली होती. काटा रिकामा होता. लाल आकडा शून्यावर स्थिर झाला. आता कोणी पुकारत नाही, यंत्र आपले काम करते. मला राहवले नाही. मी खिडकीतून मोठ्याने म्हणालो, "शून्य पाहा!"

ट्रॅक्टरवरचा माणूस नवा होता. त्याला ही रीत ठाऊक नव्हती. तो माझ्याकडे पाहत राहिला. काटेवालाही पाहत राहिला. उत्तर देणारे कोणी नव्हते.

मी म्हणालो, "पाह्यलं."

त्यांना वाटले, ते त्या गाडीसाठी होते. ते पोळ्याच्या दिवशी तुम्हाला द्यायचे राहिले होते.